तोंडदेखलं

तीन मिनिटं दिली मला.
टेबलावर पितळी घंटी, तिच्यावर कारकुनाचं बोट.
नाव सांगा, म्हणाले. ग्वेनेथ प्रॉसर.
एकतीस वर्षं या लानेर्विनमध्ये पत्रं टाकली,
गुडघे गेले, पत्ते पाठ आहेत.

भिंतीवर चित्र लावलं होतं.
मेंढीबाजाराचा बोळ, चौदा ते सव्वीस,
सम आकड्यांची सात घरं,
आणि त्यांच्या डोक्यावरून डोकावणारे काचेचे पाच मजले.
चित्रातली झाडं वेल्समध्ये कुठेच उगवत नाहीत अशी,
चित्रातली माणसं बिनछत्रीची.

बिल्डरचा तरुण सभ्य होता.
म्हणाला, दर्शनी भिंती जशाच्या तशा ठेवतोय,
दारं, खिडक्या, पत्रं टाकायच्या फटीसुद्धा.
मागचं तेवढं जाईल.

मागचं तेवढं.

लिहून आणलेला कागद मी घडी करून ठेवला.
म्हटलं, साहेब,
फटीतून टाकलेलं पत्र कुठेतरी पडतं.
चौदात ते स्लेटच्या फरशीवर पडायचं, चापट मारल्यासारखं.
सोळात काथ्याच्या पायपुसणीवर, आवाजच नाही,
म्हणून नेरीसबाई दाराशी खुर्ची टाकून बसायच्या.
अठरात पडायच्या आधी कुत्रा झेलायचा,
विजेच्या बिलांवर त्याच्या दातांची नक्षी.
बावीसची जमीन रस्त्याहून तीन पायऱ्या खाली,
पत्र इतक्या सावकाश पोचायचं
की आवाज मला पुढच्या दाराशी गाठायचा.
सव्वीसात खोगीर शिवणारा तेगिद,
फटीतून मेणाचा आणि घोड्याचा वास
बोटांना लागायचा, दुपारपर्यंत जायचा नाही.

फट ठेवताय, छान.
पत्र कुठे पडणार?

मागे कुणी तरी हसलं.
हसा, म्हटलं. हे गाव लोकर विकून जगलं,
पण मेंढीचं कातडं दाराला टांगून
कळप पाळलाय असं इथे कुणी सांगितलं नाही.

घंटी वाजली.
बोळ दमट आहे, खरं,
अठराच्या छपरातून आभाळ दिसतं, तेही खरं,
छप्पर शाकारा, न्हाणीघरं बांधा, परवडेल त्या भाड्यात पोरांना राहू द्या,
हे सगळं सांगायचं राहूनच गेलं.

सहा विरुद्ध पाच.
सहावा हात एम्रिसचा.
सतरा वर्षांचा असताना चौदाच्या पायरीवर
निकालाच्या पत्रासाठी माझी वाट बघत बसायचा.
हात वर करताना तो बुटांकडे बघत होता.
मी त्याला दोष देत नाही.
देते. थोडा देते.

ठरावात एक कलम घातलं :
दारांचे रंग पूर्ववत राखावेत.

आता मार्च.
सात भिंती लोखंडी टेकूंवर उभ्या,
दारं ताज्या रंगाची.
वरच्या खिडकीतून कावळा आत शिरतो
आणि बाहेरच असतो.
पुढची पाळी समोरच्या बाजूची, विषम आकड्यांची,
म्हणून मी पत्रकं टाकत फिरतेय,
मंगळवार, संध्याकाळी सात.
सवयीने चौदातही टाकलं.

थांबले. कान लावला.
काही नाही.

मग फट आतून उघडली.
चिखलाने माखलेली चार बोटं,
बोटांत माझंच पत्रक.
बाई, इथे कुणी राहत नाही.
पहारेकरी. दारिउश नाव, हे मागाहून कळलं.

मी विचारलं, पडलं कुठे?
तो जरा गप्प.
चिखलात, म्हणाला. माझ्या बुटाशेजारी.

पत्रक पुन्हा आत ओढलं गेलं.
पलीकडे तो अक्षर लावत वाचू लागला,
मंगळवार. सात.
कुणीही येऊ शकतं?

कुणीही, म्हटलं मी दाराला.
तीन मिनिटं मिळतात.